गाळप हंगाम चालवताना : साखर कारखान्यातील व्यवस्थापकाची कामे

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची कार्ये ओळीने दिलेली असतात आणि ती वाचताना एक संपले की दुसरे सुरू होत असावे, असा समज होतो. सहकारी साखर कारखान्यात कार्यकारी संचालकाच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसणाऱ्याने हा समज आधी दूर करावा. गाळप सुरू झाल्यावर ही सगळी कामे एकाच दिवसात, कित्येकदा एकाच तासात करावी लागतात. ऊस तुटला की त्याचे वजन उतरू लागते आणि त्यातली साखरही घटू लागते. म्हणून तोडणीपासून २४ तासांच्या आत तो गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या वाहक पट्ट्यावर, पडला पाहिजे, ही मर्यादा धरूनच बाकीची सारी आखणी करावी.

नियोजन गव्हाणीपासून मागे मोजत जावे. दररोज ५,००० टन गाळपाचा कारखाना १५० दिवस चालवायचा असेल, तर साडेसात लाख टन ऊस लागतो. एकरी सरासरी ४० टन उत्पादन धरले, तर १८,७५० एकरांचा ऊस हाती हवा. बेण्याला, गुऱ्हाळाला आणि शेजारच्या कारखान्याला जाणारा ऊस वजा जाणार असल्याने नोंद त्याहून जास्त क्षेत्राची घ्यावी. अडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या वेगवेगळ्या हंगामांतल्या लागणींचे आणि तोडणीनंतर फुटव्यांतून येणाऱ्या खोडव्याचे क्षेत्र वेगवेगळे मांडावे, कारण तोडणीचा कार्यक्रम लागणीची तारीख आणि पक्वता पाहूनच ठरतो. नोंदवहीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. चिटबॉयने, म्हणजे गावातल्या उसाची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने, लिहिलेले क्षेत्र आणि लागणीची तारीख शेतकी अधिकाऱ्याने काही ठिकाणी स्वतः बांधावर जाऊन पडताळावी, आणि हे काम पावसाळ्यातच उरकावे. मोळी पडल्यावर, म्हणजे गाळप सुरू झाल्यावर, त्याला कोणालाही सवड मिळत नाही.

संघटनेबाबत फार लिहिण्याची गरज नाही. शेतकी, इंजिनिअरिंग, मॅन्युफॅक्चरिंग आणि हिशेब ही खाती कारखान्यात आधीच असतात. व्यवस्थापकाने एकच गोष्ट लेखी करून ठेवावी : मिल थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणि मिल थांबल्यावर शेतकी खात्याच्या गावोगावच्या गट कार्यालयांना कळवण्याची जबाबदारी कोणाची.

माणसांची जुळवणी हा हंगामातला सर्वांत नाजूक भाग आहे. एका कोयत्याची, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याची, दिवसाची तोड दोन टन धरली, तर ५,००० टनांसाठी अडीच हजार कोयते रोज फडात हवेत. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या सर्वच टोळ्या येतात असे नाही, त्यामुळे करार काही जास्त कोयत्यांचे करावे लागतात. पण अतिरेकी करार केले, तर आलेल्या टोळ्यांना पुरेसे काम मिळत नाही आणि त्यांची उचल फिटत नाही. हे मजूर मुकादमाचे, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचे, किंवा वाहतूकदाराचे म्हणून कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात, तरी त्यांच्या खोपटांजवळ पाणी, उजेड आणि दवाखान्याची सोय आहे की नाही, हे व्यवस्थापकाने स्वतः जाऊन पाहावे. ज्यांच्या हातांवर सारा हंगाम उभा आहे, त्यांना परके मानणे मला कधीच पटलेले नाही.

आंरी फेयोल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच कार्ये मांडली, तेव्हा समन्वयाला त्याने स्वतंत्र स्थान दिले. पुढच्या अनेक मांडण्यांत ते इतर कार्यांत विरघळून गेले. साखर कारखान्यात मात्र ते वेगळेच धरावे. त्यासाठी एक रात्र डोळ्यांसमोर आणा. रात्री दोन वाजता मिलचे बेअरिंग तापले आणि गाळप चार तास थांबले. ताशी सुमारे २०८ टन या हिशेबाने ८३० टनांहून अधिक ऊस गाडीतळावर तुंबला. पहाटे टोळ्या नेहमीप्रमाणे फडात उतरल्या, तर दुपारपर्यंत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, ऊस वाळतो आणि चालक दिवसभर खोळंबतात. उलट घाबरून सगळ्याच गटांची तोड बंद केली, तर दुसऱ्या दिवशी ‘नो केन’ (ऊसच नाही) म्हणून मिल उभी राहते. अशा वेळी पहाटे पाचच्या आत निरोप पोचवावा आणि तोड जवळच्या गटांत कमी करावी, लांबच्या गटांत नव्हे. जवळची तोड पुन्हा वाढवली की ऊस काही तासांत येतो. मजुरी टनावर असल्याने कमी केलेल्या तोडीचा भार दर वेळी त्याच टोळ्यांवर पडू देऊ नये.

निर्देशन थोडक्या शब्दांत आणि शक्य तेथे लेखी असावे. पाळी बदलताना उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या पाळीच्या प्रमुखांनी यंत्राजवळ उभे राहून लॉगबुकावर सह्या करण्याची पद्धत घालून द्यावी.

नियंत्रणासाठी महिनाअखेरच्या अहवालाची वाट पाहू नये. सकाळचा अहवाल हाती येताच मिल किती तास आणि कशामुळे बंद राहिली, गाळलेला ऊस तुटून किती तास झाले होते, बगॅसमध्ये, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्यात, किती साखर वाया गेली आणि उतारा, म्हणजे उसाच्या वजनात निघालेल्या साखरेची टक्केवारी, किती पडला, हे आधी वाचावे. उतारा ०.१ टक्क्याने घटला, तर ५,००० टनांमागे दररोज ५० क्विंटल साखर कमी होते; १५० दिवसांत ती ७,५०० क्विंटल भरते. वजनकाट्याची तपासणी वेळच्या वेळी आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी. काट्यावरचा विश्वास एकदा उडाला, की पुढच्या वर्षीची नोंद घटते.

पैशाचे नियंत्रणही दिवसांच्या हिशेबाने करावे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस आल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराची रक्कम द्यावी लागते, आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरला. त्या दराने ५,००० टनांचे दररोज १ कोटी ७७ लाख ५० हजार रुपये होतात, आणि तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी १४ दिवसांचे देणे २५ कोटींच्या घरात जाते. साखरविक्री आणि साखर तारण ठेवून मिळणाऱ्या बँकेच्या मालतारण कर्जाची उचल यांचे वेळापत्रक मुख्य लेखापालाने हंगामापूर्वीच या आकड्याशी जुळवावे.

गाळप बंद झाल्यावर आठवड्याच्या आत सर्व खातेप्रमुखांना मिल बंद राहिल्याच्या नोंदी घेऊन एकत्र बसवावे, आणि त्या बैठकीला रात्रपाळीच्या फिटरलाही बोलवावे, कारण कोणते बेअरिंग किती वेळा तापले हे त्याच्या हाताला ठाऊक असते. तेथे तयार झालेली यादीच ऑफ सीझनच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांच्या खरेदीची पहिली यादी धरावी.