खऱ्या घोटाळ्यावर थरारपट लिहायचा तर

घोटाळ्याची कागदपत्रं हजारो पानांची असतात आणि पटकथा साधारण 120 पानांची. पानाला पडद्यावरचं एक मिनिट, हा ढोबळ हिशेब. त्यामुळे लिहायला बसण्याआधी भरपूर गाळावं लागतं.

सुरुवातीला तारीखवार तक्ता करा. रकाने चार: तारीख, काय घडलं, ते कशावरून कळलं, आणि त्या दिवशी ते कोणाकोणाला ठाऊक होतं. चौथा रकाना बरेच जण भरत नाहीत आणि थरार तिथेच निसटतो. शेवट प्रेक्षकाला माहीतच असतो. तरी त्याला खिळवून ठेवायचं, तर पात्राला त्या दिवशी जेवढं कळलं होतं त्यापुढचं अक्षरही दाखवू नका.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पुढे पद सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरणच बघा. 17 जून 1972 ला मध्यरात्रीनंतर, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यालय असलेल्या वॉटरगेट इमारतीत, फ्रँक विल्स या पहारेकऱ्याला दाराच्या खिट्टीवर चिकटपट्टी दिसली. त्यानं ती काढून टाकली. पुढच्या फेरीत तिथे पुन्हा पट्टी! मग त्यानं पोलिसांना बोलावलं आणि पाच जण पकडले गेले. पहिली पट्टी कोणा कामगारानंही लावली असेल. दुसरी दिसली म्हणजे आत कोणीतरी आहे. प्रसंग दुसऱ्या पट्टीचा आहे, कॅमेरा तिच्यावर थांबू द्या.

कणा म्हणून पैशाचा माग घ्या. निक्सन यांच्या निवडणूक निधीतला 25,000 डॉलरचा धनादेश पकडलेल्यांपैकी एकाच्या खात्यात निघाला. असा एक कागद हाती लागला की पुढचं नाव मिळतं आणि पुढचा प्रसंगही. या प्रकरणाचा माग काढणाऱ्या दोन वार्ताहरांच्या पुस्तकावरून 1976 मध्ये ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ हा सिनेमा आला. त्यात वार्ताहराचा या धनादेशाबद्दलचा फोन सुमारे सहा मिनिटं एकाच शॉटमध्ये चालतो. एक माणूस, एक फोन, हातात पेन, आणि तरी श्वास अडकतो.

हा सिनेमा निक्सन यांच्या दुसऱ्या शपथविधीपाशी, जानेवारी 1973 मध्ये थांबतो. ऑगस्ट 1974 मधला राजीनामा फक्त टेलिप्रिंटरवर उमटतो. निर्णय अगदी बरोबर आहे, कारण पुढची लढाई सिनेट आणि न्यायालयांत गेली. वार्ताहरांचा पाठलाग तिथे संपला होता. तुमच्या नायकाच्या हातातून सूत्रं जिथे सुटतात, तिथेच कथा सोडा.

हमखास बिघडतं ते संवादांत. दोघांनाही ठाऊक असलेली माहिती ते एकमेकांना सांगत बसतात. अशा वेळी ‘छापायला पुरावा काय?’ असं विचारणारा संपादक मध्ये आणा. माहिती आपोआप भांडणातून बाहेर येते.

रचलेले संवाद मसुद्यात वेगळ्या रंगात ठेवा. ‘फॉलो द मनी’ हे वाक्य या सिनेमासाठी लिहिलेलं, मूळ पुस्तकात नाही. आज लोक ते इतिहास म्हणून सांगतात. दोन खऱ्या व्यक्तींचं मिळून एक पात्र केलंत, तर नाव बदला आणि नोंदीत नसलेला गुन्हा हयात माणसाच्या माथी मारू नका. ‘पात्रं काल्पनिक आहेत’ या पाटीच्या भरवशावर राहू नका. रंगवलेला मसुदा आणि तक्ता, दोन्ही चित्रीकरणाआधी वकिलाकडे द्या.