मुरगळलेला घोटा आणि मनगटावरचे घड्याळ

सोलापुरात पहाटे धावणाऱ्यांचा पाय बहुधा रस्त्याच्या कडेला, डांबर संपून मुरूम सुरू होतो तेथे मुरगळतो. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा चिवट पट्टा, लिगामेंट) ताणला जातो किंवा फाटतो. अशा वेळी घड्याळात ठरवलेले अंतर पुरे करण्याच्या नादी न लागता तेथेच थांबावे.

सर्वप्रथम हाडाची शंका फेडून घ्यावी. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले निकष डॉक्टर आजही वापरतात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या सुमारे ६ सेंटीमीटर भागात, बोटाने दाबून पाहावे. तेथे हाडावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर जे हाड हाताला लागते, ते दुखत असले तरी हेच करावे.

हाड शाबूत असल्यास पहिले दोन-तीन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज बोटे बधिर होणार नाहीत इतपतच आवळावे आणि बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा. बर्फाने वेदना कमी होते, अस्थिबंध लवकर जुळत नाही. घरात आंबेहळदीच्या लेपाचा आग्रह झाला तर वाद घालू नये, पण या दिवसांत पाय कोणाला चोळू किंवा ओढून 'बसवू' देऊ नये. मात्र महिनाभर अंथरुणाला खिळून राहणेही चुकीचेच आहे. सोसेल तसा पायावर भार द्यावा आणि बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरे गिरवावीत.

घड्याळातील रोजचे पावलांचे लक्ष्य याच काळात कमी करावे किंवा बंद ठेवावे. दहा हजारांचा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये पाऊलमापक विकताना रूढ झाला. तो वैद्यकीय मर्यादा म्हणून ठरलेला नव्हता. माणूस लंगडत चालतो आहे की नीट, हे साधे घड्याळ सांगत नाही, म्हणून सकाळची सूज आणि शून्य ते दहापैकी वेदना किती, याची नोंद स्वतःच लिहून ठेवावी. हृदयाच्या ठोक्यांचा आकडाही तपासून घ्यावा. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्तप्रवाहातील चढउतार टिपते. पट्टा सैल असल्यास ते पावलांचीच लय ठोके समजून मोजते आणि संथ धावतानाही अचानक १७० दाखवते. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांधावा, आणि शंका आल्यास थांबून लगेच नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करावी.

अर्धा तास झपाट्याने चालून दुखत नाही आणि एका पायावर टाचा उचलणे व उडी मारणे दुसऱ्या पायाइतकेच जमते, तेव्हाच धावण्याला हात घालावा. सपाट जागी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा क्रम ठेवावा. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर एक पायरी मागे यावे. दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा सराव मात्र बरे वाटल्यावरही चालू ठेवावा, कारण एकदा मुरगळलेल्या घोट्याचा तोल लवकर जातो. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रेसाठी होम मैदानावर जी गर्दी उसळते, ती अशा पायासाठी नव्हे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याच वेगाला ठोके अधिक पडतात. म्हणून या महिन्यांत जुन्या वेगाशी बरोबरी न करता, धाप न लागता बोलता येईल इतकेच धावावे आणि ऊन चढण्याआधी घरी परतावे. सहा आठवड्यांनंतरही घोटा दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि सूज व वेदनेच्या नोंदी सोबत न्याव्यात.