दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढताय? या चुका टाळा

फोटोवरून चित्र काढण्यात गैर काही नाही. फोटो हाती आला तेव्हापासून चित्रकार तो वापरत आले आहेत. अडचण येते ती फोटो कुणी काढला याचा पत्ताच नसताना त्यावर महिनाभर काम होतं आणि चित्र भिंतीवर लागल्यावर चौकशी सुरू होते तेव्हा. तोवर चित्र बदलता येत नाही आणि परवानगी मागायची तर अवघडल्यासारखं होतं. खालच्या बहुतेक चुका कॅनव्हासला हात लावण्याआधीच टाळता येतात.

‘नेटवर आहे, नावही नाही, म्हणजे मोकळा आहे’

फोटोवर © नसणं, वॉटरमार्क नसणं, कुठे नोंदणी नसणं, यांपैकी कशानेही फोटोवरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, संपत नाही. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आज जगातले बहुतेक देश आहेत आणि त्यात संरक्षणासाठी नोंदणीची किंवा चिन्हाची अट घालता येत नाही. बटण दाबलं, फोटो निघाला, की हक्क जन्माला आला. तो सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. फोटोत दिसणाऱ्याचा नसतो आणि तो पुन्हा शेअर करणाऱ्या पेजचा तर नसतोच.

म्हणून फोटो सेव्ह करतानाच मूळ शोधा. गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या दोन्ही सेवांवर टाकून पाहा, कारण दोघांचे निकाल वेगळे येतात. टिनआयवर सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रत आधी दाखवण्याची सोय आहे. न कापलेली मोठी प्रत बहुतेक वेळा मुळाच्या जवळची असते. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, नाव असू शकतं, पण सोशल मीडियावर चढवताना ते अनेकदा पुसलं जातं. तेव्हा तिथे काही सापडलं नाही म्हणून फोटो बेवारस ठरवू नका. मूळ सापडलंच नाही, तर तो फोटो सोडा आणि दुसरा घ्या.

‘फोटो: इंटरनेटवरून’ आणि इतर निरुपयोगी श्रेय

श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही आणि परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही. ‘सौजन्य: पिंटरेस्ट’ हे तर श्रेयच नव्हे. कुणाचंही पुस्तक घेऊन ‘लेखक: ग्रंथालय’ असं लिहिण्यासारखं आहे ते.

उपयोगी श्रेयात फोटोचं नाव असल्यास ते, फोटोग्राफरचं नाव, मूळ दुवा आणि परवानगीचा प्रकार असतो. उदाहरणार्थ: ‘अमुक यांच्या छायाचित्रावरून, त्यांच्या परवानगीने’. ही ओळ पोस्टच्या तळाशी वीस हॅशटॅगांखाली नको, चित्राच्या नावालगत हवी. सरावासाठी केलेल्या हुबेहूब प्रतीवरही ‘अभ्यास’ लिहा, मूळ नाव द्या आणि ती विकू नका. स्वतःची सही ठोकून टाकलेला अभ्यास पुढे तुमची मूळ कृती म्हणूनच फिरत राहतो.

‘माध्यम बदललं’, ‘तीस टक्के बदल केला’, ‘आरशासारखा उलटा केला’

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. तीस टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. टक्के कसे मोजायचे हेही कुणी सांगत नाही.

माध्यम बदलण्याचं म्हणाल, तर अमेरिकी कलाकार जेफ कून्स यांचं प्रकरण पाहा. आर्ट रॉजर्स यांनी १९८० मध्ये एका जोडप्याच्या मांडीवरच्या कुत्र्याच्या आठ पिल्लांचा फोटो काढला होता. तो छापलेलं कार्ड कून्स यांनी घेतलं, त्यावरची कॉपीराइटची ओळ फाडली आणि कारागिरांकडून तसंच रंगीत लाकडी शिल्प करून घेतलं. फोटो कृष्णधवल आणि सपाट, शिल्प रंगीत आणि त्रिमितीय, तरी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ती नक्कलच ठरवली. उलटा करण्याचं म्हणाल, तर लक्झेंबर्गमध्ये जेफ डीशबुर्ग यांनी जिंगना झांग यांच्या फोटोची बाजू बदलून तैलचित्र केलं आणि त्यावर बक्षीसही घेतलं. २०२२ मध्ये खालच्या न्यायालयात झांग हरल्या, पण २०२४ मध्ये अपिलात जिंकल्या.

मग फोटोग्राफरचं नेमकं काय असतं? वाघ त्याचा नसतो, म्हातारीचा चेहरा त्याचा नसतो, पाऊस त्याचा नसतो. कॅमेरा किती उंचीवर धरला, लेन्स कोणती लावली, उजेड कुठून घेतला, चौकट कुठे कापली आणि नेमका कोणता क्षण टिपला, हे निर्णय त्याचे असतात. तुमच्या चित्रात हे सगळे निर्णय जसेच्या तसे उतरले, तर रंग तैलरंग आहेत की कोळसा याला फारसं महत्त्व उरत नाही. फोटोतली माहिती घ्या, निर्णय घेऊ नका.

तपासणी सोपी आहे. कच्चं रेखाटन आणि फोटो दोन्ही कृष्णधवल करा, अंगठ्याएवढे लहान करा आणि शेजारी ठेवा. एक प्रत उलटी करूनही पाहा. बाह्याकृती, कडेला झालेली काटछाट आणि उजेडाचे पट्टे जुळले, तर पार्श्वभूमी बदलून किंवा साडीचा रंग बदलून काही साधणार नाही.

सुटका करून घेण्याचा एक क्रम असा. विषयाचे वेगवेगळ्या कोनांतले पाच-सहा फोटो पाहा आणि सगळे बंद करा. आठवणीतून साधारण ६ × ८ सेंटिमीटरची तीन-चार लहान रेखाटनं करा. त्यातली एक रचना निवडा आणि उजेड कुठून येतो तो बाण कागदावर काढून ठेवा. नंतरच फोटो पुन्हा उघडा आणि तेही पंखाची पिसं कशी बसतात, कोपर कुठे वळतं एवढ्यापुरतेच. बाण आधी काढला नाही तर एक ठरलेला घोटाळा होतो: चेहऱ्यावर डावीकडचा उजेड, हातावर उजवीकडचा, आणि नाकाची सावली भलतीकडेच. एका फोटोतून धड आणि दुसऱ्यातून डोकं घेतलं की मान खटकते, कारण दोन्ही फोटो वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या लेन्सने काढलेले असतात.

शक्य असेल तिथे स्वतःच फोटो काढा. व्यक्तिचित्रासाठी फोन चेहऱ्याजवळ नेऊ नका. जवळून नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. दीड ते दोन मीटर अंतर ठेवा, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, एकाच खिडकीचा उजेड घ्या आणि खोलीतले दिवे बंद करा. एक्स्पोजर उजळ भागावर धरून एक आणि सावलीवर धरून एक, असे दोन फोटो घ्या, म्हणजे सावलीतला तपशील काळ्यात बुडणार नाही. मुद्रा तुम्ही ठरवाल, पण एखाद्या प्रसिद्ध फोटोची मुद्रा, पोशाख, उजेड आणि चौकट सगळंच पुन्हा उभं केलंत, तर प्रश्न तिथेच राहतो. फोटो मात्र तुमचा झालेला असतो, एवढंच.

परवाना न वाचता ‘फ्री’ शब्दावर विसंबणं

आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) तयार परवाने लावले जातात, पण ते सारखे नसतात. परवान्याच्या नावातली अक्षरं पाहा. सीसी झीरो (CC0) असेल तर वापर मोकळा असतो. सीसी बाय (BY) असेल तर श्रेय द्यावंच लागतं आणि बदल केल्याचंही सांगावं लागतं. एसए (SA) असेल तर फोटोवरून केलेलं चित्र प्रसिद्ध करताना त्यालाही तोच परवाना लावावा लागतो, म्हणजे इतरही ते चित्र वापरू शकतात. ऑर्डर देणाऱ्याला हे आधी सांगा. एनसी (NC) असेल तर विक्री नाही. एनडी (ND) असेल तर रूपांतर प्रसिद्ध करता येत नाही आणि फोटोवरून केलेलं चित्र हे सहसा रूपांतरच. एनडी बाजूला ठेवा.

अनस्प्लॅश या मोफत फोटोंच्या साइटवर २०१७ पर्यंत सीसी झीरो होता, नंतर त्यांचा स्वतःचा परवाना आला. तेव्हा जुन्या माहितीवर चालू नका. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फाइलच्या पानावर लेखक आणि परवाना दिलेला असतो, तो तिथेच वाचा. फोटो उतरवला त्या दिवशी परवान्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, कारण पान पुढे काढलं जाऊ शकतं. शिवाय फोटोग्राफरने परवानगी दिली तरी फोटोतल्या ओळखू येणाऱ्या माणसाचे हक्क वेगळे राहतात. जाहिरातीसाठी चित्र असेल तर ते जास्त जपायला हवं.

जुनं शिल्प कुणाच्याही मालकीचं उरलेलं नसलं, तरी कालपरवा काढलेला त्याचा फोटो फोटोग्राफरचा असतो. कोन आणि उजेड त्यानेच निवडलेला असतो.

मोघम विचारणं आणि एका होकारावर कायमचं विसंबणं

‘तुमचा फोटो खूप आवडला, वापरू का?’ यावर ‘हो’ आलं तरी त्यातून काहीच ठरत नाही. विचारायचं ते असं:

‘नमस्कार. आपल्या या छायाचित्रावरून (दुवा) मला ६० × ९० सेंटिमीटरचं एक तैलचित्र करायचं आहे. ते प्रदर्शनात मांडून विकण्याचा विचार आहे. त्याच्या प्रिंट काढणार नाही. चित्रासोबत आणि प्रत्येक पोस्टमध्ये आपलं नाव देईन. आपली परवानगी आहे का? मानधन किंवा अटी असल्यास कळवाव्यात.’

उत्तर लेखी घ्या, फोनवर होकार मिळाला तर त्याचा सारांश ईमेलने पाठवून दुजोरा मागा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर उत्तर ‘नाही’ असंच धरायचं.

होकाराची मर्यादाही वाचा. १९८४ मध्ये एका मासिकाने लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेला गायक प्रिन्स यांचा फोटो ४०० डॉलरला, एकदाच वापरण्यासाठी घेतला. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी त्यावरून ठरलेल्या एका चित्राऐवजी सोळा कृती केल्या. त्यांतली एक २०१६ मध्ये दुसऱ्या प्रकाशनासाठी दिली गेली, आणि त्या वापराबद्दल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. एका चित्राची परवानगी घेऊन पुढे कॉफीचे मग, टी-शर्ट आणि कॅलेंडर काढणारे याच वाटेने जातात.

‘फोटो गिऱ्हाइकानेच दिला’

लग्नाचा, बारशाचा, स्टुडिओतला फोटो बहुधा कुणा व्यावसायिकाने काढलेला असतो. हक्क कुणाकडे हे देशाच्या कायद्यावर आणि त्यांच्यातल्या करारावर ठरतं. गिऱ्हाईक ‘माझाच फोटो’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ ‘फोटोत मी आहे’ असा असतो. ऑर्डर घेताना फोटो कुणी काढला हा प्रश्न विचारा आणि परवानगी कुणी आणायची ते लेखी ठरवा. एकाच्या घरी लागणाऱ्या चित्राला फोटोग्राफर सहसा हसत होकार देतात. न विचारता तेच चित्र जाहिरातीत दिसलं तर मात्र चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

पकडलं गेल्यावर सारवासारव

फोटोग्राफरचा निरोप आला की ‘योगायोग’ म्हणू नका आणि फाइल तर अजिबात पुसू नका. शेपर्ड फेरी यांच्या २००८ च्या ओबामा पोस्टरचा मूळ फोटो मॅनी गार्सिया यांचा होता. फेरी यांनी आपण दुसराच फोटो वापरल्याचं सांगितलं आणि पुरावेही नष्ट केले. फोटोच्या हक्काचा वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला, पण पुराव्यांशी छेडछाड केल्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना २५,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांचं प्रोबेशन झालं. ‘हे विडंबन आहे’ ही पळवाटही आयत्या वेळी चालत नाही. ल्यूक टाइमान्स यांनी एका राजकारण्याच्या फोटोवरून केलेल्या चित्राबद्दल तसं म्हणून पाहिलं. २०१५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने ते मानलं नाही, पुढे तडजोड झाली.

आधी पोस्ट आणि विक्रीची पानं थांबवा. फोटो कुठून घेतला ते खरं सांगा, किती प्रती विकल्या त्याचा आकडा द्या, आणि श्रेय, मानधन की चित्र मागे घेणं यांपैकी काय हवं ते विचारा. प्रिंट विकणाऱ्या साइटने तक्रारीवरून चित्र काढलं असेल, तर रागाच्या भरात ते परत लावायला सांगणारी प्रतिनोटीस पाठवू नका. डीएमसीए या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली ती खोट्या शपथेच्या शिक्षेच्या जबाबदारीवर द्यायची असते. चित्र स्पर्धेत असेल तर आयोजकांना स्वतःहून कळवा. मूळ चित्र विकलं गेलं असेल, तर घेणाऱ्याला तक्रारीची कल्पना द्या आणि चित्राच्या प्रती, पोस्टकार्डं व पोस्टर तुमच्याकडून पूर्ण थांबवा. मोठी रक्कम मागितली असेल किंवा वकिलाची नोटीस आली असेल, तर उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.