वकिलासोबत लेखी करार कसा करायचा

केस अंगावर आली की माणूस घाबरतो आणि "साहेब, तुम्हीच बघा काय ते" म्हणून मोकळा होतो, मग पुढे फीवरून वाजतं. म्हणून पहिला पैसा देण्याआधी कागद करा. वकीलपत्रावर सही केली म्हणजे करार झाला असं समजू नका, वकीलपत्राने वकिलाला तुमच्या वतीने कोर्टात उभं राहता येतं, पण फी किती आणि काम कुठपर्यंत हे त्यात सहसा नसतं.

आधी अशील कोण ते लिहा. मुलाच्या केसची फी वडील भरत असतील तरी अशील मुलगाच, आणि काम कंपनीचं असेल तर अशील कंपनी, डायरेक्टर नाही. समोरच्या पार्टीचं नावही आत्ताच सांगा, वकिलाने त्यांचं काम आधी केलेलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मग काम, आणि इथे कंजूषी करू नका. "माझी केस लढणे" एवढंच लिहिलं तर भांडण ठरलेलंच. नोटीस पाठवण्यापासून निकालापर्यंत असेल तर तसं स्पष्ट लिहा. अपील यात आहे का? दावा जिंकलात तरी पैसे हातात यायला वसुलीची वेगळी कारवाई लागू शकते, ती आहे का? जे नाही ते "यात नाही" असं लिहून घ्या.

आता फी. ठोक, टप्प्याटप्प्याने की तासावर? तासावर असेल तर वेळ कसा मोजणार ते नक्की विचारा, बऱ्याच ऑफिसात सहा मिनिटांचा एक भाग धरतात, काही ठिकाणी पंधरा मिनिटांचा. भाग अर्धवट वापरला तरी पूर्ण धरतात, म्हणजे दोन-दोन मिनिटांचे तीन फोन केले तर एका हिशोबाने 18 मिनिटं आणि दुसऱ्या हिशोबाने चक्क 45 मिनिटं! जिंकल्यावर रकमेतला हिस्सा घ्यायची पद्धत अमेरिकेत काही प्रकारच्या केसेसमध्ये चालते, भारतात वकिलांना मनाई आहे, त्यामुळे आपल्याकडे असं कोणी सुचवलं तर सही करू नका.

खर्च फीपेक्षा वेगळा लिहा, कोर्ट फी, नकला, टायपिंग, प्रवास, आणि ठराविक रकमेच्या वर जायचं असेल तर आधी विचारायचं असं ठरवा. ॲडव्हान्स दिलात तर काम न झाल्यास किती परत मिळणार तेही.

तारखेला स्वतः वकील येणार की ज्युनिअर, पुढची तारीख कोण कळवणार, हे दोन ओळीत लिहा. तडजोड तुमच्या लेखी होकाराशिवाय नाही, ही ओळ मात्र असायलाच हवी.

मध्येच वकील बदलावा लागला तर? किती दिवस आधी सांगायचं, तोवरच्या कामाचे पैसे कसे मोजायचे, मूळ कागद कधी परत मिळणार ते लिहा. फी बाकी असताना कागद अडवता येतात का याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. म्हणून मूळ कागद देतानाच यादी करा आणि पोच घ्या.

हे सगळं मागितलं तर वकिलाला राग येईल असं वाटतं ना? नीट काम करणाऱ्या वकिलाला उलट बरं वाटतं, त्यालाही फी बुडायची भीती असतेच की. मसुदा घरी आणा, रात्रभर ठेवा, जे कळलं नाही त्यावर पेन्सिलने खूण करून दुसऱ्या दिवशी विचारा आणि मगच सही करा. प्रत्येक पानावर दोघांची सही, तारीख, एक प्रत तुमच्याकडे. पुढे फोनवर काही बदललं तर त्याच दिवशी ईमेल टाकून होकार मागून घ्या.