मागचे टायर गार होते

गाडी ट्रॅकच्या कडेला टायर रचून केलेल्या भिंतीला टेकून थांबली तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि वायपर जोरजोरात चालू होते. आभाळ कोरडं ठणठणीत. स्टिअरिंगशी झटापट करताना हात त्या दांडीला लागला असावा. समोर वाकलेलं बॉनेट, काचेवर धूळ, हेल्मेटमध्ये माझाच श्वास. ‘मागून येणाऱ्यांना मी दिसतेय ना?’ एवढा एकच विचार डोक्यात होता.

तो माझा चौथा ट्रॅक डे होता आणि त्या दिवसाचं शेवटचं सेशन. मला मुका मार आणि आठवडाभर मानेचं दुखणं, यापलीकडे काही झालं नाही. दुसरं कुणी त्यात नव्हतं. गाडीचं मात्र बरंच नुकसान झालं. पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला निघालेल्या लोकांशी बोलताना लक्षात येतं, की त्यांचे प्रश्न बहुतेक ब्रेक पॅड आणि टायर कुठले घ्यावेत याचे असतात. ते विचारायलाच हवेत. पण माझी गाडी ज्या कारणाने भिंतीवर गेली, ते विकत घेण्याच्या कुठल्याही यादीत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद सर्किटवर आपलीच गाडी घेऊन जायचं, अनुभवाप्रमाणे गट पडतात, प्रत्येक गटाला वीसेक मिनिटांची सेशन्स मिळतात. ओव्हरटेक ठरलेल्या सरळ भागातच, तेही पुढच्याने खूण केल्यावर. निकाल नाही, क्रमांक नाही. तरीही फोनवर लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजणारं ॲप असतंच, आणि माझ्याकडेही होतं.

दुपारच्या सेशनमध्ये माझी सर्वांत चांगली लॅप झाली. त्यानंतर प्रशिक्षक दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गाडीत बसले आणि मी एकटी. गाडी घसरू नये म्हणून असणारी स्थिरता यंत्रणा मी आदल्या सेशनपासून बंद ठेवली होती, कारण ती मधेच इंजिनाची ताकद कमी करते आणि वेळ जातो असं वाटत होतं. मग आमच्या आधीच्या गटात कुणाची तरी गाडी मातीत अडकली, लाल झेंडा लागला आणि सगळं पुढे ढकललं गेलं. आम्ही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागेत, पाऊण तास उभ्या. शेवटचं सेशन कापून बारा मिनिटांवर आणलं. आत शिरताना मनात हिशेब पक्का होता: बारा मिनिटांत लॅप कमी मिळतील, तेव्हा दुसऱ्याच लॅपपासून जोर लावायचा.

दुसऱ्या लॅपला, मोठ्या उजव्या वळणात, मी रेस सोडली, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. सगळा अपघात एवढाच. वळणाच्या मध्यावर गाडी जास्त वेगात आहे असं जाणवलं आणि पाय आपोआप वर आला. गाडीचा भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली आणि मागचा भाग डावीकडे बाहेर निघाला. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ते बरोबरच होतं. पण त्याच वेळी ब्रेकवरही पाय पडला, त्याने मागची उरलीसुरली पकडही गेली. मग घाबरून ब्रेक सोडला. त्या क्षणी मागच्या चाकांना पकड परत मिळाली आणि पुढची चाकं अजून डावीकडेच वळलेली होती. चाकं जिकडे तोंड करून होती तिकडे, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे, गाडी झेपावली. पाय काढल्यापासून भिंतीपर्यंत सव्वाचार सेकंद. हे मी नंतर व्हिडिओवर मोजलं. त्या वेळी विचारलं असतं तर एक सेकंद म्हटलं असतं.

संध्याकाळी भेटेल त्याला मी सांगत होते, की आरशात एक वेगवान गाडी दिसली, तिला वाट देण्याच्या नादात माझं लक्ष गेलं. मी खोटं बोलत नव्हते, मला खरोखर तसंच आठवत होतं. दोन दिवसांनी व्हिडिओ पाहिला तर ती गाडी तेव्हा मागच्या वळणावरही आली नव्हती. अपघाताची आठवण मन स्वतःच्या सोयीने रचतं, आणि रचताना दोष बाहेर ठेवतं. म्हणून माझं नवोदितांना पहिलं सांगणं हे, की कॅमेरा लावा, साधा का असेना, आणि त्याच संध्याकाळी, कुणाशी फार बोलायच्या आधी, आठवतं ते सगळं कागदावर लिहून ठेवा. नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्या दोघांतला फरक हाच सगळ्यात मोलाचा धडा असतो.

ॲपमधल्या नोंदींनी पुढचं सांगितलं. आधीच्या सगळ्या चांगल्या लॅपना त्या वळणात माझा वेग ताशी १०९ किलोमीटरच्या आसपास होता. त्या लॅपला ११८. नऊ किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, वेग जेमतेम आठ टक्क्यांनी वाढलेला. पण वळणात टायरवर पडणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच वळण, तीच रेषा, आणि पकड मात्र सतरा टक्के जास्त लागणार. रस्त्यावरच्या टायरपाशी एवढी शिल्लक सहसा नसते. हा हिशेब मला शाळेपासून येत होता. तो गाडीच्या सीटवर कधी मांडला नव्हता, इतकंच.

तरीही एक कोडं राहिलंच. पहिल्या लॅपला स्टिअरिंग छान लागत होतं, गाडी चिकटून चालली आहे असं वाटत होतं. मग मागचा भाग इतक्या चटकन का निसटला? उत्तर प्रशिक्षकांनी दिलं. व्हिडिओ बघता बघता त्यांनी विचारलं, “पाऊण तास उभी होतीस ना? मागच्या टायरना हात लावून पाहिला होतास?”

नव्हता लावला.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक. इंजिनाचं वजन पुढे, ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचं त्यांचंच, ब्रेकचाही बहुतेक भार त्यांच्यावर. त्यामुळे पुढचे टायर एका लॅपमध्ये तापतात. मागच्यांना तेवढं काम नसतं, ते नुसते मागून येतात आणि फार हळू तापतात. गार टायरची पकड कमी. माझ्या हातांना स्टिअरिंगमधून फक्त पुढच्या चाकांची खबर मिळत होती, आणि ती खबर होती ‘आम्ही तयार’. मागची चाकं तयार नव्हती, पण त्यांची खबर हातांना कळतच नाही. ती कळते बैठकीला, कंबरेला, आणि ती ओळखायला मी शिकलेच नव्हते. सकाळच्या सेशन्समध्ये हे का झालं नाही? कारण तेव्हा प्रशिक्षक शेजारी बसून तीन लॅप हळू मारायला लावत होते. ते मला औपचारिकता वाटायचं.

पुढच्या चाकांवरची गाडी असेल तर ही गोष्ट मनात कोरून ठेवा: स्टिअरिंग छान लागतंय म्हणजे गाडी तयार आहे असं नाही. लांबलेल्या विश्रांतीनंतर, गार हवेत, पाऊस पडून गेल्यावर, निदान दोन-तीन लॅप मागच्या टायरसाठी द्या. सेशन बारा मिनिटांचं असलं तरी द्या. सेशन संपल्यावर पिटमध्ये चारही टायरचा दाब मोजा आणि वहीत लिहा. दाब वाढलेला दिसला तर टायर तापले, मागचे जेमतेम हलले असतील तर ते अजून गार आहेत. दाब मोजायचा साधा गेज यासाठी पुरतो.

स्थिरता यंत्रणेबद्दल माझं मत आता ठाम आहे. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ती प्रथम विक्रीच्या गाडीत आणली. एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ती गाडी फिरण्याआधी सावरते, जे कुठल्याही माणसाच्या पायांना जमणार नाही. सुरुवातीच्या काळात ती चालूच ठेवा, आणि डॅशबोर्डवर तिचा दिवा कुठल्या वळणात लुकलुकतो ते लक्षात ठेवा. तिथे तुमचं काहीतरी चुकतंय. मी तो दिवा बंद केला आणि मला सावध करणारी एकमेव गोष्ट गमावली.

मग त्या वळणात काय करायला हवं होतं? वेग जास्त झालाय असं मध्यावर कळलं, तर उत्तर आहे पाय स्थिर ठेवणं, स्टिअरिंग किंचित सैल करणं आणि गाडीला बाहेरच्या बाजूला जाऊ देणं. बाहेर मोकळी जागा असेल आणि जायचीच वेळ आली तर चाकं सरळ ठेवून, सरळ बाहेर जा. दोन चाकं मातीत गेली म्हणून झटक्यात आत ओढू नका. चाकं सरळ ठेवा, वेग कमी होऊ द्या, मग हळूच परत या. आणि गाडी हाताबाहेर जाऊन फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि ती थांबेपर्यंत सोडू नका. तशी गाडी साधारण ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने घसरत राहते, आणि मागून येणाऱ्यांना ती कुठे जाणार याचा अंदाज येतो. अर्धवट ब्रेक सोडला की ती अचानक पकड घेऊन भलतीकडे उडते. माझी तशीच उडाली. धडक होणार हे दिसलं तर अंगठे स्टिअरिंगच्या आतून बाहेर काढा. पुढच्या चाकाला बसलेला धक्का स्टिअरिंगला गर्रकन फिरवतो.

थांबल्यावर इंजिन बंद, आणि धूर किंवा आग नसेल तर बेल्ट लावून आतच बसून राहायचं. बाहेर पडून नुकसान बघायची ओढ फार असते. पण चालू ट्रॅकवर पायी उभा असलेला माणूस हा सर्वांत असुरक्षित. मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे सुरक्षा कर्मचारी, धावत आले, त्यांनी माझं नाव विचारलं, बोटं हलवायला सांगितली, मान हलवू नका म्हणाले. “मी ठीक आहे,” असं मी चार वेळा म्हटलं. तरी डॉक्टरांकडे नेलंच, आणि ते योग्यच होतं. अपघातानंतरच्या पहिल्या तासात शरीर वेदना लपवतं. माझी मान दुसऱ्या दिवशी सकाळी धरली. डोक्याला मार बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही, एवढं तरी पाळा.

पैशांचा भाग अप्रिय आहे, पण झाकण्यात अर्थ नाही. नेहमीच्या गाडीच्या विम्यात ट्रॅकवर झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. जाण्यापूर्वी पॉलिसीतली ती ओळ स्वतः वाचा. आयोजकांच्या फॉर्मवर भिंतीची दुरुस्ती कुणाकडे आहे तेही वाचा. जी गाडी गमावली तर घरच्यांचे हाल होतील, ती ट्रॅकवर नेऊ नका.

हेल्मेटबद्दल: हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेच्या मोटरसायकलसाठीच्या एम प्रमाणपत्रात आगीची चाचणी नसते, गाडीसाठीच्या एसए प्रमाणपत्रात असते. म्हणून एसए घ्या. काही जण लगेच शर्यतीचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून घट्ट बांधणारा पट्टा, बसवायला निघतात. नुसता हार्नेस, तोही रोल बार (गाडी उलटली तर छत दबू न देणारी आतली कमान) नसलेल्या गाडीत, धोका वाढवतो. गाडी उलटून छत दबलं तर तो माणसाला वाकू देत नाही. संपूर्ण व्यवस्था एकत्र उभी करता येत नसेल तर कंपनीचा तीन ठिकाणी बांधणारा बेल्ट बरा.

अपघातातून शिकणं म्हणजे काय हे विचारात पाडणारं एक उदाहरण मला त्या दिवसांत फार उपयोगी पडलं. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथल्या शर्यतीत फॉर्म्युला वन चालक जॅकी स्टुअर्ट पावसात ट्रॅकबाहेर गेले आणि पेट्रोल गळत असलेल्या गाडीत अडकून पडले. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्यांना बाहेर काढता येईना, आणि ते काढायला जवळ पाना नव्हता. सहकारी चालकांनी एका प्रेक्षकाच्या हत्यारांमधून पाने आणून त्यांना सोडवलं. त्यानंतर ते गाडीत पाना चिकटवून ठेवू लागले, आणि ट्रॅकच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं भांडले. ‘त्या क्षणी काय हवं होतं, जे तिथे नव्हतं?’ हा प्रश्न मी माझ्या दिवसालाही लावला. उत्तरं आली: तीन सावकाश लॅप, चालू यंत्रणा, शेजारी माणूस, आणि शेवटचं सेशन सोडून द्यायची तयारी.

सहा महिन्यांनी परतले ती थेट ट्रॅकवर नाही. आधी एक दिवस ओल्या स्किड पॅडवर, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकायच्या मोकळ्या जागेवर, घालवला. ताशी चाळीसच्या वेगात, मुद्दाम, पुन्हा पुन्हा वळणात रेस सोडायची आणि मागचा भाग निघताना बैठकीला काय कळतं ते ओळखायचं. पहिल्या दहा वेळा गाडी फिरली. मग कधीतरी ती निघण्याच्या अर्धा क्षण आधी कंबरेखाली सीट बाजूला सरकल्यासारखी वाटली आणि हात आपोआप उलट फिरले, तितक्याच चटकन परतही आले. प्रशिक्षक शेजारून एकच वाक्य म्हणत होते, “पाय धर, पाय धर.” हा एक दिवस मी चौथ्या नव्हे, पहिल्या ट्रॅक डेच्या आधी करायला हवा होता. तुम्हाला सोय मिळाली तर कुठलाही महागडा भाग बदलण्याआधी हे करा.

मग तोच ट्रॅक, तेच वळण. शेवटच्या सेशनची रांग लागली तेव्हा मी उतरून मागच्या टायरवर तळवा ठेवला. गार. ॲप बंद करून फोन डिकीत टाकला. तीन लॅप सावकाश मारल्या, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दिली. चौथ्या लॅपला उजव्या वळणात शिरले, मध्यावर पाय वर यायला लागला तो मला कळला. मी तो तिथेच धरून ठेवला, आणि गाडी बाहेरच्या पट्टीपर्यंत शांतपणे वाहत गेली.