ताकातली वाळवणाची गवार

आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही. वाळवणाला तेच ऊन हवं. पापड-कुरडयांसोबत मी दरवर्षी गवार वाळवते, कारण पावसाळ्यात खिचडीसोबत ती तळली की घरातल्यांना दुसरं काही लागत नाही.

गवार कोवळी घ्या. दाणा भरलेली जून शेंग तळल्यावर दाताखाली दोऱ्यासारखी येते. एक किलो शेंगांची देठं आणि शिरा काढा, शेंगा मोडू नका. उकळत्या पाण्यात चमचाभर मीठ घालून दोन-तीन मिनिटंच ठेवा, हिरवा रंग उजळला की चाळणीत उपसा. ही पायरी वगळू नका, नाहीतर शेंगा काळपट आणि चिवट वाळतात.

आता अर्धा लिटर आंबट, दाट ताकात हिंग, जिरेपूड आणि मीठ घालून शेंगा रात्रभर बुडवा. मीठ चवीला जरा कमीच वाटलं पाहिजे. शेंग वाळून आटते, मीठ मात्र तेवढंच राहतं. सकाळी शेंगा निथळून स्टीलच्या ताटात सुट्या पसरा (कापडाला ताक चिकटतं), वरून पातळ मलमल बांधा. उरलेलं ताक फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी शेंगा पुन्हा त्याच ताकात. दोन-तीन दिवसांत ताक संपतं, मग नुसतं ऊन द्यायचं. रात्री ताटं घरात घ्या.

कधी वाळली म्हणायची? शेंग वाकवून पाहा. वाकली तर अजून एक दिवस, कट्‌कन मोडली तर झाली. एका वर्षी वळिवाचे ढग पाहून मी घाई केली, उन्हातल्या गरम शेंगाच बरणीत भरल्या. झाकणाला आतून घाम आला आणि पंधरा दिवसांत सगळ्या बरणीला बुरशी. फार जीव हळहळला. तेव्हापासून शेंगा सावलीत पूर्ण गार करते, मगच कोरड्या काचेच्या बरणीत. किलोभर गवारीची वाळून पाव किलोसुद्धा भरत नाही.

कारल्याच्या चकत्याही अशाच होतात. मेथी मात्र उन्हात नको, सावलीत वाळवा, हिरवी राहते.

तळताना तेल मध्यम तापलेलं हवं. शेंग फुलून बदामी झाली की लगेच काढा, क्षणभर जास्त राहिली तर कडू होते. भाजी करायची असेल तर अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, पिळा आणि लसणाच्या फोडणीत भरपूर दाण्याचा कूट घालून परता. मीठ शेवटी, चाखून.