चंद्रकलांचं चित्र: पृथ्वी आणि चंद्र लांब नेले

विज्ञान संग्रहालयात येणाऱ्या शाळांसाठी चंद्रकलांची कृतिपत्रिका नव्याने करायची होती. जुनी पाहून सातवीतली मुलंसुद्धा ठामपणे सांगत, "पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात." चित्रच तसं होतं. पृथ्वी आणि चंद्र अगदी खेटून, मागे काळंभोर आकाश.

आधी खाली खुलासा छापून पाहिला: पृथ्वीची सावली चंद्रावर फक्त ग्रहणात पडते, कला दिसतात त्या चंद्राची उजेडातली बाजू आपल्याला कमी-जास्त दिसते म्हणून. काही फरक पडला नाही. मजकूर वाचतात ते बाई-सर, मुलं बघतात चित्र.

मग ए-फोर कागद आडवा घेऊन खरं प्रमाण धरलं. पृथ्वी ८ मिमी काढली तर चंद्र जेमतेम २ मिमी, आणि दोघांत २४ सेंमी अंतर! कागद जवळजवळ रिकामा, पण हवं होतं तेच. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या मापात पौर्णिमेचा चंद्र सावलीच्या वर किंवा खाली २ सेंमीपर्यंत जाऊ शकतो आणि तिथली दाट सावली ६ मिमीसुद्धा रुंद नसते. मुलांना पट्टी दिली की दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हे तीच सांगतात.

कलांसाठी मागच्या पानावर बल्ब आणि काडीवरचा चेंडू, एवढंच.

काळं आकाशही काढून टाकलं. शाळा झेरॉक्सच वाटतात, त्यात त्याचे नुसते डाग उठायचे. आता आकाश पांढरं, अंधारी बाजू तिरक्या रेघांची.